दुखणं तेवढंच, मग जमणं का कमी झालं?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. वय ४१, बैठं काम, तीन वर्षांपासून कंबर दुखते. दोन वर्षांपूर्वी एमआरआय काढला, त्यात एल-४, एल-५ या कंबरेच्या खालच्या मणक्यांपाशी डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली) आणि थोडी झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. दुखणं तेव्हा दहापैकी चार-पाच होतं, आजही तेवढंच आहे. पण तेव्हा सहज व्हायची ती कामं आता होत नाहीत. मोजे घालताना त्रेधा उडते, वीस मिनिटांवर बसवत नाही, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि चार वर्षांच्या मुलीला उचलणं तुम्ही बंदच केलंय. तुम्ही विचारताय की आतून कंबर आणखी बिघडली असेल का, पुन्हा एमआरआय काढू का, आणि हे असंच कमी होत होत एक दिवस सगळंच बंद पडणार का.

तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: दुखणं तेवढंच आहे, जमणं मात्र कमी झालंय. कंबर किती खराब झाली, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. दुखणं वाढलेलं नसताना हालचाली का आक्रसत गेल्या, हा खरा प्रश्न. मी गेली बरीच वर्षं फिजिओथेरपी करते आणि जुनाट कंबरदुखीच्या बहुतेक माणसांची गाडी शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबते, फक्त ती येतात मात्र रिपोर्टची फाईल घेऊन.

आधी काही अटी घालते, कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही. लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, मोठी पडझड, बरेच महिने चाललेलं स्टेरॉइड, यांतलं काही जोडीला असेल तर आधी डॉक्टर. दुखणं वयाच्या पंचेचाळिशीच्या आत सुरू झालं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, पहाटे दुखण्याने जाग येते आणि हिंडल्या-फिरल्यावर बरं वाटतं, असं असेल तर संधिवाताच्या एका प्रकाराची तपासणी व्हायला हवी. तुमच्या वयामुळे हे मुद्दाम लिहिते. थोडं चाललं की पाय जड होतात आणि वाकून बसलं की मोकळे होतात, ही आणखी वेगळी गोष्ट. कळ गुडघ्याखाली जाते का, पावलात मुंग्या येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरही बरंच ठरतं. पुढचं सगळं ‘यातलं काही नाही’ असं धरून वाचा.

आता एमआरआय. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात चाळिशीच्या लोकांमध्ये सुमारे ६८ टक्क्यांच्या डिस्कमध्ये झीज होती आणि निम्म्या लोकांमध्ये बल्ज होता. विशीतसुद्धा झीज दिसणारे ३७ टक्के निघाले. म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या, कधीही कंबर न दुखलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्येही असू शकतं. स्कॅन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. वरच्या यादीतलं काही असेल तर तो लागतोच. पण मोजे का घालता येत नाहीत, याचं उत्तर तो देणार नाही. पुन्हा काढलात तर कदाचित ‘किंचित वाढ’ असे दोन शब्द येतील आणि त्या दोन शब्दांच्या धास्तीने तुम्ही आणखी दोन हालचाली सोडाल. हे होताना मी पाहिलंय.

मग बदललं काय? तुमची हालचाल करण्याची पद्धत बदलली, आणि ती इतकी हळूहळू की तुमच्या लक्षातही आलं नाही.

मी नवीन माणसाला तपासताना टेबलावर झोपवायच्या आधी खुर्चीतून नुसतं उठायला सांगते. जुनी कंबरदुखी असलेली माणसं बहुतेक एकाच पद्धतीने उठतात. आधी श्वास रोखतात. मग दोन्ही हात मांड्यांवर. नजर समोर, पाठ ताठ, आणि मग सगळं अंग एकाच तुकड्यात वर. खुर्चीतून सहज उठणारा माणूस मात्र आधी पुढे झुकतो; त्याचं नाक पायाच्या बोटांवर येतं, वजन पावलांवर जातं आणि पार्श्वभाग आपसूक सुटतो. पुढे झुकायचंच नाही असं ठरवलं की तेच काम जास्त जड होतं, कारण वजन मागे ठेवून फक्त मांड्यांच्या आणि पाठीच्या जोरावर वर यावं लागतं. उठता उठता कंबरेत चमक निघते आणि माणूस म्हणतो, ‘बघा, उठलं की दुखतं.’ दुखतं खरंच. पण त्यातलं बरंचसं दुखणं त्या उठण्याच्या पद्धतीचं असतं.

दुसरी चाचणी मला फार आवडते. जमिनीवर पेन टाकते आणि उचलायला सांगते. माणूस गुडघे मोडून, कंबर ताठ ठेवून, धापा टाकत खाली जातो. मग त्याला पाठीवर झोपवते आणि दोन्ही गुडघे हातांनी धरून छातीशी आणायला सांगते. बहुतेकांना ते जमतं, थोडं ओढल्यासारखं वाटतं इतकंच. पेन उचलताना ताठ धरलेली कंबर आता चांगलीच वाकलेली असते. फरक नाही असं नाही: उभ्याने वाकताना वरच्या अंगाचा भार असतो, झोपून नसतो. पण ‘माझी कंबर वाकतच नाही’ हे खोटं ठरतं. वाकते. उभ्याने तिला वाकू दिलं जात नाही.

कोण वाकू देत नाही? पाठीचे स्नायू. निरोगी माणूस उभ्याने पूर्ण खाली वाकतो तेव्हा शेवटच्या टप्प्यात कण्यालगतचे मोठे स्नायू जवळजवळ शांत होतात, भार लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे बंध) आणि इतर ऊती पेलतात. १९५०च्या दशकात स्नायूंमधले विद्युत संकेत मोजून हे दाखवलं गेलं. जुनाट कंबरदुखीच्या अनेकांमध्ये ही शांतता येतच नाही. वाकलं तरी स्नायू आवळलेले, बसलं तरी आवळलेले, चालतानाही थोडेफार तेच. मूठ आवळून दिवसभर वावरून बघा. संध्याकाळी हाताला कोणताही आजार नसताना हात दुखेल. तुम्ही लिहिलंय की दुपारनंतर कंबर ‘दगड’ होते. ते मला याच रांगेतलं वाटतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत हे आवळणं उपयोगी असतं. ताज्या दुखापतीला हलू न देणं हे शरीराचं शहाणपणच. पण साधारण तीन महिन्यांनंतर, म्हणजे ज्याला आम्ही जुनाट म्हणतो त्या टप्प्यात, ऊती बहुतेक भरून आलेल्या असतात आणि राखण मात्र चालूच राहते. वेदनेची यंत्रणा तोवर हळवी झालेली असते, साध्या ताणालाही ती कळ देते. त्यात झोप बिघडलेली, कामाचा ताण आणि ‘गादी सरकली तर?’ ही धाकधूक. हे मनाचे खेळ आहेत असा अर्थ कृपा करून काढू नका. दुखणं खरंच असतं, फक्त ते नेहमी नुकसानीच्या प्रमाणात नसतं.

आणि इथून हालचाली आक्रसायला लागतात. मोजे घालताना एकदा जोरात चमक आली, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय स्टुलावर ठेवून घातले. मग घरातल्या कुणाकडून घालून घेतले. मग मोजे नसलेल्या चपला. प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते, कारण त्या दिवशी दुखत नाही. पण आता वाकलो असतो तर खरंच किती दुखलं असतं, हे तपासायची संधीच जाते. २००० साली मांडलेल्या, भीती आणि टाळाटाळ यांच्या एका प्रसिद्ध मॉडेलमध्ये हेच चक्र आहे: दुखणं, त्याचा भयंकर अर्थ लावणं, भीती, टाळणं, त्यातून अंगाची ताकद जाणं आणि मग खरोखरच कमी जमणं. तुमचं दुखणं चारवरच थांबलं, याचं एक कारण हेही असू शकतं की चारच्या वर नेणारं प्रत्येक काम तुम्ही आयुष्यातून काढून टाकलंय. आकडा तोच राहिला, त्यासाठी मोजलेली किंमत वाढली.

मोज्यांवर आणखी थोडं, कारण इतकं साधं दिसणारं हे काम कंबरेच्या दृष्टीने अवघड आहे. त्यात कंबर वाकते, खुब्याचा सांधा दुमडतो आणि बाहेर वळतो, मांडीचे मागचे स्नायू ताणले जातात, आणि हे सगळं एका बाजूला. वर ते सकाळी करायचं. रात्रभर आडवं पडल्यावर डिस्क पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, तो यामुळेच. त्या फुगलेल्या अवस्थेत कंबर वाकायला जास्त ताठर असते. म्हणजे दिवसातलं सर्वांत जास्त वाकण्याचं काम तुम्ही दिवसातल्या सर्वांत प्रतिकूल वेळी करता आणि त्यावरून दिवसभरासाठी कंबरेचं भाकीत करता. उठल्यावर अर्धा-पाऊण तास हिंडा-फिरा, बाकीचं आवरा, मोजे शेवटी. निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यानेच सौम्य होते. (निम्म्या हा माझा अंदाज, संशोधन नव्हे.)

बसण्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. ‘योग्य पोश्चर’ नावाची एकच जागा शोधण्यात लोक वर्षं घालवतात. ताठ बसून वीस मिनिटांत दुखत असेल तर रेलून बसा, मग पुढे झुका, मग उठा. जागा बदलत राहणं हेच बसणं.

चालणं मात्र बघण्यासारखं असतं. सहज चालताना खांदे आणि कंबर एकमेकांच्या उलट दिशेने किंचित वळत असतात, हात झुलतात. कंबरदुखीत पावलं आखूड होतात, वेग मंदावतो, आणि खांदे-कंबर एकत्रच वळायला लागतात. घरातल्या कुणाला मोबाईलवर मागून तुमचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. हात झुलत नसतील तर तुम्ही चालतानाही कंबर धरून ठेवताय.

आता मी काय करते ते सांगते. तुमच्या बाबतीत तपशील बदलतील.

पहिल्यांदा मोजमाप बदलते. ‘आज किती दुखतंय’ याची वही बंद. त्याऐवजी तुम्हाला परत हवी असलेली तीन कामं लिहायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे: शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं. तुमच्या पत्रावरून माझा तर्क: मोजे, तासभर बसणं, मुलगी. गुण दर दोन आठवड्यांनी द्यायचे, रोज नाही. जोडीला ऑस्वेस्ट्री नावाची, १९८०पासून वापरात असलेली प्रश्नावली भरून घेते. तिच्यात उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास, लैंगिक जीवन असे दहा भाग असतात. लैंगिक जीवनाबद्दल आपणहून कुणी बोलत नाही, कागदावर मात्र खूण करतात. तिथेही वाकण्याचीच भीती नडते आणि तिथेही मार्ग निघतो, एवढं सांगून ठेवते.

मग एकेक काम तुकड्यांत सोडवायचं. मोज्यांसाठी: आधी पाठीवर झोपून गुडघे छातीशी, श्वास सोडत, सावकाश आठ-दहा वेळा. ते सोपं झालं की खुर्चीत बसून हात पायांवरून सरकवत घोट्यांपर्यंत, डोकं आणि पोट सैल सोडून. मग एका पायावर दुसरा पाय टाकून पाऊल हातात. मग उभ्याने, हात टेबलावर टेकून. मग टेबलाशिवाय. प्रत्येक टप्प्यावर श्वास चालू हवा. श्वास अडला की समजायचं, स्नायूंनी पुन्हा पहारा सुरू केला. एका टप्प्यावर चार दिवस जातील की तीन आठवडे, ते माणसागणिक बदलतं. कळ पायात उतरत असेल तर वाकण्याचा हाच क्रम पहिल्या दिवसापासून देत नाही, कधी कधी उलट बाजूने सुरू करावं लागतं. म्हणूनच एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या म्हणते.

किती दुखलं तर चालेल, हे प्रत्येकजण विचारतो. माझा नियम: नेहमीच्या आकड्यापेक्षा दोनाने वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालू ठेवा. त्याहून जास्त वाढलं, किंवा दोन-तीन दिवस रेंगाळलं, तर एक टप्पा खाली या. बंद करू नका, खाली या. उलटाही धोका असतो. एखाद्या दिवशी बरं वाटतं आणि माणूस आठवड्याची तुंबलेली कामं एका दुपारी उरकतो, मग तीन दिवस अंथरूण. म्हणून बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी ठरलेल्याचं निम्मं तरी करायचं. यातला पहिला भाग पाळणं लोकांना जास्त जड जातं.

व्यायामाचा कोणता प्रकार सर्वांत चांगला, यावरून आमच्या क्षेत्रात पुष्कळ भांडणं झाली आहेत. निष्कर्ष असा की ज्यात तुम्ही सातत्य ठेवाल तो. चालण्याचा एक चांगला पुरावा २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीतून आला. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी चालण्याचा कार्यक्रम आणि मार्गदर्शन मिळालेल्यांत निम्म्यांना दुखण्याचा पुढचा झटका २०८ दिवसांच्या आत आला, बाकीच्यांत निम्म्यांना ११२ दिवसांच्या आतच. ते लोक बरे झालेले होते, तुम्ही अजून दुखण्यात आहात, त्यामुळे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी चालायला मी सांगेनच, हात सैल सोडून.

कंबरेला बांधायच्या पट्ट्याबद्दलही तुम्ही विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देऊन ओढणं) नेहमीचा उपाय म्हणून वापरू नयेत असंच म्हटलंय. तुम्ही दीड वर्ष लावताय, तर एकदम फेकू नका. आधी घरात काढा, मग ऑफिसात सकाळी, प्रवासात सगळ्यात शेवटी.

असंच कमी होत जाणार का? तुम्ही टाळण्याच्याच वाटेने गेलात तर होय, बहुधा. पण हे उतरणं झिजेमुळे होत नसल्याने ते उलटवता येतं. मी साधारण असं पाहते की आधी कामाचे गुण वर जातात आणि दुखण्याचा आकडा त्यानंतर, कधी महिना-दोन महिन्यांनी, हलतो. काहींचा तो फारसा हलतच नाही, तरी माणूस पुन्हा प्रवास करायला लागतो. मधे एखादा झटका येईलच. तेव्हा दोन दिवस टप्पे खाली आणा, पूर्ण विश्रांती नको.

मुलीचं शेवटी ठेवलं, कारण ते काम तिन्हींमध्ये वजनदार आहे. चार वर्षांचं मूल साधारण पंधरा-सोळा किलो असतं आणि ते स्थिर राहत नाही, म्हणून थेट तिच्यापासून सुरुवात नको. पिशवीत चार-पाच किलो घालून ती टेबलावरून उचला, अंगाजवळ धरा, परत ठेवा. वजन आठवड्या-आठवड्याने वाढवा, मग उंची कमी करत खुर्चीवर आणा. बारा किलो खुर्चीवरून श्वास न रोखता उचलता यायला लागले की मुलीला सोफ्यावर उभं करा, तिला तुमच्या गळ्यात हात टाकू द्या आणि मग उचला; तिची कंबर तुमच्या कंबरेच्या उंचीला असल्याने वाकावं लागत नाही. जमिनीवरून उचलणं त्यानंतर. आणि तोपर्यंत तिला खाली बसलेल्या तुमच्या मांडीवर चढू द्यायला काहीच हरकत नाही.